उघडा चर, रिकामे दिवस
वाचकांचे प्रश्न : मुंबईतली रस्त्यांची कामं आणि वाहतूक

गेल्या अंकात रस्त्यांच्या कामांबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग आला. एकतीस वर्षं मी याच शहरात रस्त्यांच्या कामांची वेळापत्रकं आखली. कुठला रस्ता कधी बंद करायचा, किती दिवस करायचा, गाड्या कुठून वळवायच्या, हेच माझं काम होतं. त्यामुळे पत्रांतला राग मला परका नाही. त्यातला बराच राग रास्त आहे, आणि थोडा चुकीच्या जागी निघतो आहे. सगळी पत्रं छापता आली नाहीत. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

ताई, आमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण जानेवारीत सुरू झालं. शेजारच्या दोन्ही समांतर गल्ल्या त्याच आठवड्यात खणल्या. शाळेची बस आता कुठूनच आत येऊ शकत नाही, म्हणून मी मुलीला घेऊन रोज हमरस्त्यापर्यंत चालत जाते. आमच्या गल्लीत तर तीन आठवडे एकही कामगार दिसलेला नाही. एका वेळी एकच गल्ली का करत नाहीत?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

तुमच्या मनात जे आलं ते बरोबर आहे. मी ते आकड्यांत मांडते, म्हणजे वॉर्ड ऑफिसात बोलताना तुमच्या हाताशी राहील.

समजा एका कंत्राटदाराकडे पाच गल्ल्या आहेत आणि काँक्रीट टाकणारी टोळी एकच आहे. टोळीला एका गल्लीला पंधरा दिवस लागतात असं धरू. पाचही गल्ल्या पहिल्याच दिवशी उकरल्या, तर पहिली गल्ली १५ दिवसांनी सुटते, दुसरी ३० दिवसांनी, तिसरी ४५, चौथी ६० आणि पाचवी ७५. या सगळ्यांची बेरीज २२५. आता दुसरी पद्धत बघा. टोळी मोकळी होईल त्याच दिवशी पुढची गल्ली खणायची. मग प्रत्येक गल्ली पंधराच दिवस बंद राहते आणि बेरीज होते ७५. शेवटची गल्ली दोन्ही पद्धतींत ७५व्या दिवशीच संपते! कंत्राटदाराचा एक दिवसही वाचत नाही किंवा वाढत नाही. मधले १५० दिवस फक्त तुम्ही सोसता. काँक्रीट पक्कं व्हायला लागणारे दिवस मी यात धरलेले नाहीत, पण ते दोन्हीकडे सारखेच वाढतील.

आम्ही या दिवसांना ‘रिकामे दिवस’ म्हणायचो. रस्ता बंद आहे, चर उघडा आहे आणि कामावर माणूस नाही. माझ्या मते एखादं काम नीट आखलं होतं की नाही, हे तपासायला दुसरं माप लागतच नाही. रस्ता एकूण किती दिवस बंद होता यापेक्षा त्यातले रिकामे किती होते ते विचारा.

मग तरी सगळं एकदम का खणतात? कारण खणणं हा या कामाचा सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग आहे. एक जेसीबी एका रात्रीत गल्ली उकरून ठेवतो. पुढचं अवघड असतं. जुनी गटारवाहिनी खाली नेमकी कुठे आहे ते शोधायचं, मॅनहोल बांधायचे, पाण्याचे जोड बदलायचे, फरमे लावायचे, काँक्रीटच्या गाड्यांची पाळी मिळवायची. तिथे टोळ्या कमी पडतात. त्यातच वरून विचारणा होते ती ‘किती कामं सुरू झाली’ अशी. ‘किती गल्ल्या लोकांना परत मिळाल्या’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाहणी ज्याची होते त्याकडेच माणूस लक्ष देतो. महापालिकेच्या ताब्यात साधारण २,०५० किलोमीटर रस्ते आहेत आणि २०२३पासून दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटरचं काँक्रीटीकरण हाती घेतलं गेलं. एवढ्या कामाला पुरतील इतक्या कसबी टोळ्या एकाच वेळी एका शहरात मिळणं कठीण. म्हणून खणण्याचा परवाना टोळीच्या हिशेबाने मिळायला हवा. टोळी दाखवा, मग जेसीबी आणा.

समांतर गल्ल्यांबद्दल तर माझं मत अगदी ठाम आहे. वळणरस्ता म्हणून जी गल्ली कागदावर दाखवली आहे, ती त्या काळात कुणीही, कुठल्याही कारणाने खणायची नाही. ना महापालिकेने, ना गॅसवाल्यांनी, ना केबलवाल्यांनी.

मी कांदिवलीला रिक्षा चालवतो. रस्ता अर्धाच बंद असतो, पण सकाळी नवाच्या सुमाराची कोंडी दुपारी तीनला पण सुटत नाही. शाळा-ऑफिसची गर्दी तर साडेदहाला संपते. मग एवढ्या गाड्या येतात कुठून?
– एक रिक्षाचालक

दादा, या पत्रांतला सगळ्यात हुशार प्रश्न तुमचा आहे. त्या गाड्या नव्या आलेल्या नसतात. सकाळच्याच गाड्या रांगेत उरलेल्या असतात.

हिशेब असा. एखाद्या नाक्यावर सकाळी तासाला १,५०० गाड्या येतात असं धरा. काम सुरू झाल्यावर उरलेल्या जागेतून तासाला १,२०० गाड्याच जातात. दर तासाला ३०० मागे राहतात. साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत ६०० गाड्या तुंबतात. साडेदहानंतर येणाऱ्या गाड्या कमी होऊन तासाला १,१०० झाल्या, तर रस्त्याकडे फक्त १०० गाड्यांची सवड उरते. ६०० गाड्या तासाला १०० या वेगाने निचरायला सहा तास लागणार. म्हणजे साडेचार वाजले, आणि तोवर संध्याकाळची गर्दी दाराशी उभी!

रांगेची लांबीही बघा. एका गाडीला सहा मीटर धरले, तर ६०० गाड्यांची दुहेरी रांग १.८ किलोमीटर होते. ती मागच्या दोन-तीन सिग्नलांच्या आरपार जाते. मग ज्यांना तुमच्या रस्त्याने जायचंच नाही, फक्त आडवं ओलांडायचं आहे, तेही अडकतात. काम एका नाक्यावर चालू असतं आणि कोंडी चार नाक्यांवर होते ती अशी.

पण याच हिशेबात आशेलाही जागा आहे. १,५००पैकी ३०० गाड्या, म्हणजे पाचातली एक गाडी तिथून हलवता आली, तर रांग लागतच नाही. कोंडी निम्मी होते असं नव्हे, नाहीशीच होते. ती पाचातली एक गाडी शोधणं हे आमच्या कामाचं खरं कसब. कधी उरलेल्या बाजूचं पार्किंग तेवढ्या दिवसांपुरतं उठवलं की रस्त्याची क्षमता परत येते. कधी बसथांबा पन्नास मीटर पुढे सरकवावा लागतो. कधी दुकानांचा माल सकाळी आठच्या आत उतरवायला सांगायचं, कधी सिग्नलची वेळ बदलायची. हे सगळं रस्ता बंद करायच्या आदल्या आठवड्यात करून बघायचं असतं. बंद केल्यावर चौथ्या दिवशी पोलीस हवालदाराने शिट्टी फुंकून ते जमत नाही.

तुमच्या स्टँडवरच्या मंडळींना कुणी विचारत नाही याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. कुठली गल्ली दुपारी मोकळी असते, कुठे ट्रक वळत नाही, हे रिक्षावाल्यांइतकं कुणाला ठाऊक नसतं. मी वळणरस्ता आखायच्या आधी रिक्षा स्टँडवर चहा घ्यायचे आणि नकाशा तिथेच दुरुस्त करायचे.

काँक्रीट तर दुसऱ्या दिवशीच दगडासारखं कडक दिसतं. तरी बॅरिकेड पंधरा-वीस दिवस तसेच! हेही तुमचे रिकामे दिवस का?
– एक वाचक, मुलुंड

नाही. हे दिवस रिकामे दिसतात, पण काम त्यातच चाललेलं असतं. सिमेंट वाळून कडक होत नाही. पाण्याशी त्याची प्रक्रिया होते म्हणून ते घट्ट होतं आणि ती प्रक्रिया आठवडे चालते. म्हणून वर गोणपाट घालतात किंवा वाफे करून पाणी बांधतात. आपण काँक्रीटची ताकद मोजतो ती २८व्या दिवसाची. विशेष मिश्रण वापरून हे दिवस कमी करता येतात, चाचणीचे ठोकळे तपासून रस्ता लवकरही खुला करता येतो. मात्र नुसत्या नजरेच्या अंदाजाने डंपर सोडला, तर तडा आज दिसणार नाही, दोन पावसाळ्यांनी दिसेल. या दिवसांत कुणी दुचाकी घालत असेल तर त्याला हटका. गोणपाट कोरडं दिसलं तर मुकादमाला हाक मारा.

मी माटुंग्याला स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. पुस्तकात वेळापत्रकाचे तक्ते शिकवतात. प्रत्यक्षात मुंबईतल्या रस्त्याचं वेळापत्रक तुम्ही कुठून सुरू करायचात?
– एक विद्यार्थिनी

पावसापासून, आणि उलट दिशेने.

१ ऑक्टोबर ते ३१ मे हे २४३ दिवस. मुंबईत खणायचं ते याच दिवसांत. मोसमी पाऊस मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण ती सरासरी आहे, कुणी दिलेला शब्द नव्हे. २०२५ साली महापालिकेने हातातली कामं पुरी करायला ३१ मेची मुदत ठेवली होती आणि पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. त्यामुळे मी शेवटची तारीख १५ मे धरायचे. तिथून काँक्रीट पक्कं व्हायचे २८ दिवस मागे गेलीस की एप्रिलच्या मध्यावर येतेस. काँक्रीट त्यापूर्वी पडायला हवं. त्याआधी खालचा कमी सिमेंटचा थर आणि त्याचे सात दिवस, त्याआधी खडीचा थर, त्याआधी वाहिन्या. मागे मोजत गेलं की एका बाजूचं खोदकाम मार्चच्या सुरुवातीला सुरू व्हायला हवं असं दिसतं. म्हणून मार्च संपत आला आणि अजून कुदळ पडली नसेल, तर तो रस्ता ऑक्टोबरवर ढकलायचा. या एका निर्णयावरून मी जितकी भांडले तितकी दुसऱ्या कशावरून भांडले नाही. निधी परत जाईल, असं समोरचे म्हणायचे. मी म्हणायचे, जून महिन्यात उघडा चर आणि त्यात साचलेलं पाणी याची जबाबदारी कोण घेईल ते लिहून द्या.

यानंतर दिनदर्शिका उघडायची. हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या चौथ्या वर्षी प्रभादेवीत सिद्धिविनायकाच्या मागच्या बाजूचा एक रस्ता सोमवारी रात्री बंद करायचं मी ठरवलं. सोमवारी रात्री गर्दी कमी असते, असं आमच्या मोजणीत दिसलं होतं. सगळ्या परवानग्या आल्या. शनिवारी घरी जेवताना सहज बोलले, तर आई म्हणाली, “अगं, मंगळवारी अंगारकी आहे. सोमवारी रात्रीपासून रांग लागते.” माझ्या पोटात खड्डा पडला. रविवारी धावाधाव करून काम आठ दिवस पुढे ढकललं, पण काँक्रीटची पाळी गेली ती गेलीच. गाड्यांची मोजणी सरासरी दिवसाची होती आणि अंगारकी हा सरासरी दिवस नव्हे. त्यानंतर माझ्या प्रत्येक वेळापत्रकाच्या पहिल्या पानावर त्या भागाचे सण असायचे. दादरला ६ डिसेंबर, वांद्र्याला सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा, माहीमला डिसेंबरातला उरूस, लालबाग-परळला गणपतीच्या आधीचा सबंध महिना. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, तेव्हा परीक्षा केंद्रासमोरचा रस्ता धरायचा नाही. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरच्या आवाजात मुलांनी पेपर लिहायचा का?

तक्ते शीक, ते लागतातच. पण ज्या रस्त्याचा तक्ता करशील तिथे एक सोमवार आणि एक रविवार, सकाळी सात ते रात्री अकरा, स्वतः उभी राहा.

काम रात्री करतात आणि आमची झोप उडते. घरात ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत. दिवसा करायला काय हरकत आहे?
– एक वाचक, गिरगाव

सासूबाईंचा त्रास खरा आहे आणि ‘शहरासाठी थोडं सोसा’ असं मी म्हणणार नाही. आवाजाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ब्रेकर त्याच्या कितीतरी पुढे जातो.

पण रात्रीचं काम म्हणजे एकच काम नव्हे. त्यातली काही कामं रात्रीच व्हायला हवीत, काही रात्री होता कामा नयेत. काँक्रीट टाकायला रात्र चांगली. कारखान्यात पाणी घातल्यापासून साधारण दोन तासांत ते गाडीतून उतरायला हवं, आणि दिवसा कोंडीत अडकलेल्या गाडीतला माल त्याआधीच बिघडू शकतो. उन्हात तर ही मुदत आणखी घटते. शिवाय काँक्रीटची एकेक गाडी दिवसा गिरगावात वळवायची म्हणजे वाहतूक दहा-दहा मिनिटं थांबवायची. उलट जुना रस्ता फोडणं, लोखंडी पत्रे आदळणं, डंपरमध्ये दगड भरणं ही कामं दिवसाची. दुपारी अकरा ते चार ही वेळ त्याला सगळ्यात बरी. फोडायचं दिवसा आणि ओतायचं रात्री, असं लेखी मागा. कुठल्या रात्री ओतणार त्या तारखा आधी कळल्या, तर सासूबाईंना तेवढ्या दोन रात्री मागच्या खोलीत झोपवता येईल. न कळवता केलेला आवाज माणसाला जास्त जाचतो.

अंधेरीचा गोखले पूल बंद होता तेव्हा आमच्या आयुष्यातला रोजचा दीड तास गेला. पूल बंद करायच्या आधी पर्यायाचा विचार होतो का?
– एक वाचक, अंधेरी (पश्चिम)

मुंबईचा नकाशा उभा आहे. उत्तर-दक्षिण जायला पश्चिम उपनगरात एस. व्ही. रोड, लिंक रोड आणि द्रुतगती महामार्ग असे तीन रस्ते तरी आहेत. पूर्व-पश्चिम जायचं तर रेल्वे ओलांडायला लागते आणि तिथे मोजकेच पूल आणि भुयारी मार्ग आहेत. म्हणून रेल्वेवरचा एक पूल बंद होणं हे एक रस्ता बंद होण्यासारखं नसतं.

गोखले पुलाचा एक भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला होता. उरलेला पूल ७ नोव्हेंबर २०२२ला बंद केला तो सुरक्षिततेसाठी. तो निर्णय योग्यच होता. जीव आधी. एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला खुली झाली, पण शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंची जुळली नाही. ती जोडणी ४ जुलै २०२४ला सुरू झाली आणि पूर्ण पूल ११ मे २०२५ला. माझ्या दृष्टीने शिकण्यासारखी गोष्ट त्या उंचीत आहे. रेल्वेवरचा भाग एका यंत्रणेच्या नियमाने उंच होतो, उतार दुसऱ्या यंत्रणेचा असतो आणि शेजारचा जुना पूल आपल्या जागी असतो. या तिघांची पातळी कागदावर जुळल्याशिवाय तोडकामाची तारीख ठरवू नये.

जिथे धोका तातडीचा नाही तिथे निवडीला वाव असतो. गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, आधी तयार करून घ्यायचे, रस्त्याबाहेरचे पाये आधी भरायचे, आणि रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेली कामाची वेळ, मिळाल्यावरच पूल बंद करायचा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये बंद केला तो गणपती होऊन गेल्यावर, हे शहाणपणाचं होतं. शीवचा १९१२ सालचा पूल त्याआधीच, १ ऑगस्ट २०२४पासून बंद झालेला होता. मधल्या टिळक पुलावर त्यामुळे किती भार आला ते दादरकर जाणतात. रेल्वेवरच्या पुलांचं वेळापत्रक सबंध मार्गाचं मिळून एकच असायला हवं. एका पुलाची फाइल एका टेबलावर आणि शेजारच्या पुलाची दुसऱ्या टेबलावर, असं असेल तर दोन्ही फाइली अचूक असूनही लोक अडकतात.

नवा कोरा रस्ता झाला आणि दोन महिन्यांत केबलसाठी खणला. हे थांबवता येत नाही का?
– एक वाचक, चेंबूर

थांबवता येतं, पूर्णपणे नाही. जलवाहिनी फुटली तर खणावंच लागतं. पण केबल काही एका रात्रीत सुचलेली नसते. रस्ता करायच्या सहा महिने आधी त्या भागातल्या सगळ्या सेवा कंपन्यांना लेखी विचारायचं, दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन खाली खरोखर काय आहे ते बघायचं, आणि कडेने रिकाम्या नळ्या टाकून ठेवायच्या, म्हणजे पुढची केबल न खणता ओढता येते. जुन्या मुंबईत जमिनीखाली काय आहे याचा कागद आणि वस्तुस्थिती यांत फरक असतोच. चाचणी खड्ड्याचा एक दिवस वाचवायला जाऊन महिना घालवलेली कामं मी पाहिली आहेत.

माझ्या स्वतःच्या घरासमोर एका कंपनीने केबलसाठी चर खणला तेव्हा मी रोज गच्चीतून नोंद ठेवली. चर १९ दिवस उघडा होता. त्यातले सहा दिवस माणसं कामावर होती. खणायचा परवाना होता, जोडणी करणाऱ्या माणसाची तारीखच घेतलेली नव्हती.

यावर मला पटलेला एक उपाय लंडनचा आहे. तिथे २०१२पासून वर्दळीच्या रस्त्यांवर, वर्दळीच्या वेळी काम करणाऱ्याला रस्ता अडवल्याचं भाडं द्यावं लागतं. ते दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत असू शकतं. रात्री किंवा कमी गर्दीत काम केलं की भाडं कमी होतं किंवा लागत नाही. आपल्याकडे खणल्यावर रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च घेतात, पण अडवलेल्या दिवसांचं मोल कुणी मोजत नाही. भाडं सुरू झालं तर जोडणीवाल्याची तारीख आधी घेतली जाईल, याची मला खात्री आहे.

आणि काँक्रीटचा रस्ता खणलाच, तर मधला पट्टा कापून ठिगळ लावू देऊ नका. त्यात साधारण ४.५ मीटरवर आडवे सांधे असतात. सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खा तुकडा काढून नवा भरायला सांगा.

आमच्या सोसायटीच्या रस्त्याचं काम पुढच्या महिन्यात सुरू होणार अशी नोटीस लागली आहे. मी निवृत्त आहे, वेळ आहे. वॉर्ड ऑफिसात जाऊन नेमकं काय विचारू?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

काका, खणायच्या आधी जा. खणल्यावर सगळेच जातात आणि तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या हातातही फारसं उरलेलं नसतं.

पहिलं हे विचारा की टोळी कुठून येणार आहे आणि सध्या ती कुठल्या रस्त्यावर आहे. तो रस्ता बघून या, बोरिवलीत असेल तर चालतच जा. तिथलं काम अर्धवट असेल, तर तुमच्या रस्त्याची तारीख खोटी आहे असं समजा आणि ती पुढे न्यायला सांगा. वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र किती तारखेपर्यंतचं आहे ते बघा. वळणरस्ता कुठला, आणि त्यावर दुसऱ्या कुणाला खणायची परवानगी दिली आहे का, तेही विचारा. अग्निशमन दलाची गाडी अर्ध्या रस्त्यातून आत येते का, हे कागदावर नको, एकदा गाडी आणून बघायला सांगा. सोसायटीत डायलिसिसला जाणारं कुणी असेल, तर त्यांचे वार आणि वेळ त्याच अर्जात लिहून द्या.

काम सुरू झालं की एक वही करा. रोज सकाळी अकरा वाजता, एकाच जागेवरून एक फोटो. वहीत तारीख, किती माणसं होती आणि काय चाललं होतं एवढंच. माणूस नसेल तर शून्य लिहा आणि कारण विचारून तेही लिहा. पाईप आले नाहीत, झाडाची परवानगी अडली, गाडी दुसरीकडे गेली, जे सांगतील ते. सलग तीन शून्यं झाली की चौथ्या दिवशी ती वही घेऊन सहायक अभियंत्यांच्या टेबलासमोर बसा. आवाज चढवायची गरज नाही. वहीतली पानं त्यांच्याकडेच ठेवून या, एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. आणि काम संपल्यावर ती वही मला इथे, मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा.